साडूच्या छतावरचं ऊन

माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याकडे, म्हणजे माझ्या साडूकडे, माझ्यापेक्षा चांगलं असं फार काही नव्हतं. माझं घर चिक्कडपल्लीत, शहराच्या मध्यावर; त्याचं कुकटपल्लीच्या पार टोकाला. माझी पगारी नोकरी, कंपनीच्या खर्च-विभागातली. त्याचं रंगाचं दुकान, एक महिना बरा तर दुसरा कोरडा. चार आकड्यांची बेरीज करायला त्याला कॅल्क्युलेटर लागतो. वीस वर्षं मी या गोष्टी मनात मांडून ठेवल्या होत्या आणि मांडणी दर वेळी माझ्या बाजूनं यायची. मग त्याच्या छतावर सोलर बसलं.

सोलरचा विचार आधी माझा होता. चार वर्षं मी त्याचा अभ्यास करत होतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गच्चीवर जाऊन खडूनं सावलीची कड आखायची, सकाळी दहाची, दुपारी बाराची, दोनची, चारची, आणि शेजारी महिना लिहायचा. बायको त्या रेघा चुकवून पापड वाळत घालायची. मी सुरुवात केली तेव्हा दक्षिणेला एक बसकं जुनं घर होतं. दुसऱ्या वर्षी ते पाडलं आणि तिथं पाच मजले उभे राहिले. माझी सावलीची रेघ सरकत सरकत पाण्याच्या टाकीच्या पलीकडे गेली. डिसेंबरात गच्चीवर जेमतेम दोन तास ऊन उरलं.

तरीही मी एका सोलरवाल्याला बोलावलं. तो वर आला, पाच मजल्यांकडे मान वर करून पाहिलं, माझ्या रेघा पाहिल्या, खाली येऊन चहा प्यायला आणि म्हणाला, "पैसे नक्को डालो साब. आपकी धूप तो बाजूवाले ले गए."

राहिली माझी वही. तिच्यात आठ वर्षांची युनिटं महिनावार होती. किती किलोवॅट बसवायचं, पॅनेल किती कलतं ठेवायचं, हे होतं. आणि लोक जे विचारतच नाहीत ते होतं: सरकारी तारेला जोडलेलं राहण्याचा खर्च. सोलर बसलं की बिल शून्य, असं सगळे म्हणतात. शून्य येत नाही. रात्री सूर्य नसतो, तेव्हा वीज तारेतूनच घ्यावी लागते, आणि ती तार दारात राहण्याचं भाडं, तुम्ही एक युनिट वापरा की एकही नको, दर महिन्याला द्यावंच लागतं. दिवसा आपण जादा वीज बाहेर देतो ती आपल्या वापरातून वजा होते. त्यातूनही उरली तर तिचा भाव आपण घेतो त्या भावापेक्षा कितीतरी कमी. तार तोडून टाकावी म्हटलं तर बॅटऱ्यांचा खर्च सोलरइतकाच, आणि काही वर्षांनी त्या बदलायच्या. हे सगळं लिहून मी निष्कर्ष काढला होता की जोडलेलं राहावं, भाडं भरावं, तरीही परवडतं. फक्त ऊन पाहिजे.

दिवाळीला ती दोघं फराळाला आली. साडूनं चकली मोडता मोडता वही चाळली.

"साडूभाऊ, ही चार दिवस नेऊ का?"

"तुला काय कळणार त्यातलं?"

"मला नाही कळलं तर हिला कळेल," तो बायकोकडे बोट दाखवून म्हणाला.

माझी मेहुणी घरी ब्लाऊज शिवते. मशीन विजेची, इस्त्री दिवसभर तापलेली, मार्च लागला की कूलर. वीज तिच्या धंद्यातच जाते. ती म्हणाली, "दाजी, द्या ना. तुमच्याकडं नुसतीच पडलीय."

हे शेवटचं वाक्य ती सहज बोलली, पण मला ते आठवडाभर टोचत राहिलं. कारण खरं होतं.

जानेवारीत त्याच्या छतावर तीन किलोवॅट बसलं. अर्धे पैसे मेहुणीच्या शिवणाचे, अर्धे त्याच्या दुकानाचे. त्याच्या छताला चारही बाजूंनी कुणी नाही. दक्षिणेला एक मोकळा प्लॉट, त्यात म्हशी बसतात. पॅनेलचा कल माझ्या वहीतला, दिशा माझ्या वहीतली. फोटो आला तो मी मोठा करून पाहिला. चूक सापडली नाही.

बसवणाऱ्यानं जाताना एक गोष्ट बजावली होती: दोन्ही बाजूंनी मोजणारं नवीन मीटर येईपर्यंत सोलर चालू करायचं नाही. मीटरचा अर्ज कार्यालयात गेला होता, वेळ लागणार होता. पण मधे रथसप्तमी आली. सूर्याचा दिवस. साडू म्हणाला, यापेक्षा चांगला मुहूर्त कुठून आणायचा, आणि आम्हा सगळ्यांना बोलावलं.

अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घातलं, मेहुणीनं रांगोळीत सात घोडे काढले होते. मग सगळे जिन्याखाली गेले, छतावरची वीज घरात सोडणाऱ्या इन्व्हर्टरच्या डब्याला हळदीकुंकू लागलं, नारळ फुटला आणि मेहुणीनं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. साडूच्या मोबाइलवर आकडा आला, दोन पॉइंट दोन किलोवॅट, आणि तो सगळ्यांना दाखवत फिरला. माझ्यापुढे धरून म्हणाला, "साडूभाऊ, तुमच्या वहीचा सूर्य."

मी हसलो आणि फाटकाकडे गेलो. मीटर फाटकाच्या भिंतीत आहे. मला काही शोधायचं नव्हतं. लोकांच्या आनंदापासून थोडं लांब उभं राहायला जागा पाहिजे होती, आणि मीटर दिसलं की मी वाचतो.

त्याच्यावरचा तांबडा दिवा फार भराभर लुकलुकत होता. एका युनिटला तीन हजार दोनशे वेळा लुकलुकतो, असं मीटरवरच छापलेलं होतं. मी घड्याळ लावून एक मिनिट मोजलं. एकशेसात. म्हणजे ताशी दोन युनिटं. सणाचा दिवस, शिवणाचं मशीन बंद, मोटर बंद, घरात एक फ्रिज आणि दोन पंखे. दोन युनिटं घरात जातच नव्हती. ती छतावरून बाहेर तारेत चालली होती. आणि जुन्या मीटरला वीज येते की जाते हे कळत नाही. तार वाहते एवढंच कळतं. साडू जी वीज बाहेर देत होता तीही ते त्यानं वापरली म्हणून लिहीत होतं.

मी आणखी एक मिनिट मोजलं. एकशेआठ.

साडू प्रसादाची वाटी घेऊन आला. "काय बघताय? पळतंय ना उलटं?"

"पळतंय," मी म्हणालो.

एवढंच. उलटं की सुलटं हे मी बोललो नाही. मनाशी म्हणालो, मुहूर्ताचं बटण आहे, संध्याकाळी बंद करेल. बसवणाऱ्यानं सांगितलंच आहे. पण याच्या खाली आणखी एक विचार होता आणि तो मला स्पष्ट ऐकू येत होता. एक बिल येऊ दे. एकच.

मेट्रोत बायको म्हणाली, "गप्प का?"

"ऊन लागलं."

"ऊन त्यांना लागलं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

चार दिवसांनी मीच फोन केला. "चालू आहे का सोलर?"

"धडाक्यात. काल बारा पॉइंट चार युनिटं. ग्रुपवर टाकलंय, पाहिलं नाही का?"

पाहिलं होतं. घरच्या ग्रुपवर तो रोज संध्याकाळी आकडा टाकायचा आणि मी रोज तो वहीतल्या अंदाजाशी ताडून पाहायचो. माझा अंदाज बारा होता. तो इतका अचूक निघाला याचा मला आनंद व्हायचा आणि तो दुसऱ्याच्या छतावर अचूक निघाला याचा जळफळाट. त्या फोनवर सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी विचारलं, "पॅनेल पुसतोस ना?" आणि ठेवून दिला.

मधे एकदा त्याच्या भागात दुपारी दोन तास वीज गेली. त्याचा फोन आला, की छतावर एवढं ऊन असून पंखा बंद कसा. तारेला जोडलेलं सोलर तार मेली की स्वतःही बंद होतं, नाहीतर खांबावर काम करणाऱ्याला झटका बसेल. हे मी त्याला फार सविस्तर समजावलं, वीस मिनिटं. माझा चहा निवला तरी मला कळलं नाही. इतका आनंद मला त्या महिन्यात दुसऱ्या कशानं झाला नव्हता.

मार्चच्या सुरुवातीला रीडिंगवाला आला, त्यानं हातातल्या यंत्रातून बिल काढून दिलं. चारशे चार युनिटं. आधीच्या महिन्यात तीनशे पाच होती. साडू त्याच्याशी भांडला. तो म्हणाला, "मीटर इत्ताच बोलरा साब, मै क्या करूं." मग साडूनं बिलाचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "साडूभाऊंचं गणित या वेळी गंडलं."

नातेवाइकांचे हसरे चेहरे आले. बावीस.

आता सांगायला दुहेरी कारण होतं. माझंच गणित खोटं ठरत होतं. मी लिहायला घेतलं, "गणित बरोबर आहे, मीटर जुनं आहे." मग हात थांबला. पुढचा प्रश्न आला असता: तुम्हाला कधी कळलं? त्याचं उत्तर माझ्याकडे मिनिटांसह होतं. मी लिहिलं, "बघतो," आणि दोन आठवडे बघितलं नाही.

एके दिवशी बायको बहिणीशी फोनवर बोलून आली आणि भाजी निवडत बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "तिनं एका लग्नाचे अकरा ब्लाऊज परत पाठवले."

"का?"

"तो रोज बोलतो. सोलर आलं म्हणून तू इस्त्री तापवतच ठेवतेस, कूलर लावून बसतेस, फुकटची वाटली का वीज. गल्लीतल्या चार बायकांसमोरही बोलला. म्हणून तिनं सगळं बंद केलंय. मशीन पायानं चालवते. इस्त्री बाहेर देते, त्याचे पैसे वेगळे." मेथीची जुडी तिनं खाली ठेवली. "तुम्ही एकदा जाऊन बघता का? तुम्हाला कळतं यातलं."

मला त्यातलं जे कळत होतं ते असं. दिवसा तिनं मशीन चालवलं असतं, इस्त्री तापवली असती, तर छतावरची वीज घरातच संपली असती आणि मीटरनं ती लिहिली नसती. तिनं ते बंद केलं म्हणून तेवढी वीजही बाहेर गेली आणि मीटरनं तीही तिच्या नावावर लिहिली. ती दिवसा जितकं वाचवेल तितका आकडा वाढणार होता. हे माझ्या लक्षात यायला मेथीची एक जुडी निवडण्याएवढाही वेळ लागला नाही, आणि लक्षात आल्यावर मला बसवेना.

रविवारी सकाळी एकटाच गेलो. साडू दुकानात होता, अकराला येणार होता. मेहुणी मागच्या खोलीत मशीनवर. पंखा बंद, खिडकी उघडी, कपाळावर घाम. पट्टा काढून जुना पायडल जोडला होता, दर चार टाक्यांनी मशीन कुरकुरायचं.

"या दाजी. पंखा लावते."

"लाव. सगळं लाव. इस्त्रीही लाव."

"नको बाबा. आधीच तुमच्या साडूभाऊंनी माझी लाइन तोडायची बाकी ठेवलीय." ती हसली, पण उठली नाही. "दाजी, मी इतकं जपते, तरी पळतंच आहे हो ते. रोज सकाळी जाऊन बघते. माझं काय चुकतंय तेवढं सांगा."

मी म्हणालो, "तुझं काही चुकत नाही." आणि कारण सांगायला लागलो. जुनं मीटर, दिशा, तार, बाहेर जाणारी वीज. कागद मागितला आणि आकृती काढली. ती लक्ष देऊन ऐकत होती. मशीनवर शिवायला येतं त्याला यंत्र कळतं. तिला दुसऱ्या वाक्यातच कळलं.

"म्हणजे मी मशीन बंद ठेवलं म्हणून वाढलं?"

"हो."

तिनं पायडलवरचा पाय काढून घेतला.

फाटक वाजलं. साडू आत आला, मला पाहून खूश झाला. "आले का गणिताचे मास्तर. सापडली चूक?"

मी उठलो. मग त्याला फाटकाशी नेलं आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. दिवा मिनिटाला किती वेळा लुकलुकतो ते त्याच्या घड्याळावर मोजलं, इन्व्हर्टरचं बटण बंद करून आलो आणि पुन्हा मोजून दाखवलं. तो ऐकत होता, मान हलवत होता, बसवणाऱ्याला दोन शिव्या घातल्या, मग म्हणाला, "त्यानं सांगितलं होतं म्हणा. मीच ऐकलं नाही." मग थांबला. "तुम्ही रथसप्तमीला इथंच उभे होता."

"हो."

"घड्याळात बघत होता. मला वाटलं तुम्हाला निघायची घाई आहे."

त्यानं माझ्या मनगटाकडे पाहिलं.

"तेव्हा कळलं होतं तुम्हाला?"

एकेचाळीस दिवस मी या प्रश्नाची उत्तरं तयार करत होतो. संशय आला होता, खात्री नव्हती, असं एक होतं. विसरलो, असं एक होतं. मी म्हणालो, "हो. एकशेसात मोजले होते."

तो मीटरकडे बघत राहिला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "पैशाचं जाऊ द्या. पंधरा दिवस मी हिला काय काय बोललो." आणि आत निघून गेला. मी थोडा वेळ फाटकाशी उभा राहिलो. चहाला कुणी बोलावलं नाही, तेव्हा निघालो.

नवीन मीटरसाठी मी त्याच्याबरोबर कार्यालयात तीनदा गेलो. अर्जात एक सही राहिली होती, ती मी शोधली. बाकावर आम्ही शेजारी बसायचो. तो कागद पुढे करायचा, "हे बघता का," एवढंच म्हणायचा. साडूभाऊ म्हणणं त्यानं सोडलं होतं. मीटर बसलं त्या दिवशी त्यानं मला कळवलं नाही. मला बायकोकडून कळलं.

"भर दुपारी तिनं मशीन, इस्त्री, कूलर सगळं एकदम लावलं म्हणे," बायको सांगत होती. "आणि तो दुकान बंद करून घरी आला. गल्लीतल्या चार बायकांसमोर तिला म्हणाला, चुकलं माझं, तुझी काही चूक नव्हती. ज्यांच्यासमोर बोलला होता त्यांना बोलावून आणलं होतं. ती रडली, मग हसायला लागली. त्या लग्नवाल्यांकडंही तो स्वतः गेला, पण त्यांनी दुसरीकडं दिलं होतं."

मी ऐकत होतो. छताचा, उन्हाचा, म्हशींच्या प्लॉटचा हेवा मला ओळखीचा झाला होता. हा वेगळा होता. जो माणूस चार आकड्यांची बेरीज करू शकत नाही, तो चार बायकांसमोर उभा राहून हे बोलू शकला होता.

"तुम्ही काय म्हणालात तिला?" बायकोनं विचारलं.

"सगळं समजावून सांगितलं. आकृती काढून."

"ते नाही विचारलं."

ती स्वयंपाकघरात गेली. मी आठवून पाहिलं. मेहुणीला मी कारण सांगितलं होतं, साडूला तारीख सांगितली होती, कार्यालयात सही शोधली होती. ते एक वाक्य कुणालाच म्हटलं नव्हतं. पुढच्या महिनाभरात फोन दोनदा हातात घेतला आणि ठेवला. तिसऱ्यांदा लावला.

मागे मशीनचा आवाज येत होता, विजेचा, एकसारखा.

"बोला दाजी."

"रथसप्तमीला मला कळलं होतं आणि मी सांगितलं नाही. मला तुमचं सोलर बघवत नव्हतं. चुकलं माझं."

मशीन थांबलं.

"हौ दाजी, चुकलंच," ती म्हणाली. "अकरा ब्लाऊज गेले माझे. लग्नाच्या शिवणाला पुन्हा कोण येतंय लगेच."

"हो."

"तुमचे साडूभाऊ अजून बोलायचे नाहीत. त्यांना वेळ द्या." मग थोड्या वेळानं, "जेवलात का?"

"अजून नाही."

"जेवा. आणि बिल आलंय नवीन मीटरचं. वाचून दाखवू?"

मी हो म्हणालो. तिनं वाचून दाखवलं. वापर वजा जाऊन काहीच उरलं नव्हतं, फक्त तारेचं भाडं आणि बारीकसारीक आकार. माझ्या वहीत लिहिलं होतं तेवढंच, दोन-चार रुपये इकडे-तिकडे. मी म्हणालो, छान झालं. तिनं फोन ठेवायच्या आत मी माझ्या या महिन्याच्या बिलातून तिचं बिल वजा केलं होतं.